स्वखुशीने दिलेला अंगठा

रविवार, १६ नोव्हेंबर

अण्णा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. माफ करा. आज लिहितेय तेही मायेने नाही. मला तुमचा राग आलाय, आणि तो ज्याच्यापाशी काढावा असं दुसरं कुणी उरलेलं नाही.

तुम्ही पोलीस स्टेशनात रायटर होता. अण्णा कुणाला हात लावत नाहीत, अण्णा फक्त लिहितात, हे आई शेजाऱ्यांना अभिमानाने सांगायची. आतल्या खोलीत जे व्हायचं ते दुसरे करत. ते संपलं की तुम्हाला हाक येई, आणि तुम्ही त्या माणसाचा जबाब सुंदर कन्नड अक्षरात लिहून घेत. सुरुवात ठरलेली: मी स्वखुशीने सांगतो की. अकरा वर्षांची असताना मी एकदा तुमचा डबा घेऊन आले, तर बंद दारामागून एक आवाज येत होता. तो माणसाचा आहे हे कळायला मला वेळ लागला. तुम्ही दाराबाहेर खुर्चीवर बसून पेनात शाई भरत होता. ‘सरी, ठीक आहे, डबा ठेव आणि जा. मागे बघायचं नाही.’ मी बघितलं नाही. शहाणी मुलगी होते.

पुढे मल्लेश्वरमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेला विषय आला: कबुलीसाठी छळ कधी योग्य ठरतो का? मी तुम्हाला विचारलं. थंडीचे दिवस, स्वयंपाकघरात आपण तिघं अवरेकाईच्या शेंगा सोलत बसलोय. तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘बाजूने बोल, जिंकशील. सांग की बॉम्ब ठेवलाय, तासाभरात फुटणार, ठेवणारा तुमच्या ताब्यात आहे. शंभर जीव का एकाची कातडी? समोरचा गप्प बसतो.’ मी विचारलं, ‘आणि त्याला माहीतच नसेल तर?’ ‘मग कशाला धरला असता?’ आई म्हणाली, ‘शेंगांत किडे आहेत, तिकडे लक्ष द्या.’ मी बाजूने बोलले. समोरचा गप्प बसला. मला कप मिळाला.

आता ऐका. आम्ही एचएसआर लेआउटला राहतो, दहा मजली इमारत. तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी दुपारी चारला, तिसऱ्या मजल्यावरची सहा वर्षांची मुलगी खेळता खेळता दिसेनाशी झाली. आई तिची वेड्यासारखी धावत होती. आम्ही खालून एकेक दार वाजवत वर निघालो. पाचव्या मजल्यावर असताना खालून ओरडा आला: कॅमेऱ्यात सापडलं! गेटवरचे काका तिच्या हातात काहीतरी देताना दिसले होते. हे काका रायचूरकडचे, पंचावन्न-छप्पन वर्षांचे, चार वर्षं आमच्या गेटवर वॉचमन. ‘अक्का, नीरु कोट्टे, अष्टे,’ ते मला सांगत होते. पाणी दिलं, बस एवढंच. मी ते हिंदीत सगळ्यांना सांगितलंही. ‘पाणी द्यायला गेटवर का नेलं?’ आमच्या असोसिएशनचे खजिनदार म्हणाले. त्यांनी नेलं नव्हतं, तीच आली होती. पण घड्याळ चालू होतं, अण्णा. तुमचंच घड्याळ.

इमारतीतल्याच चौघांनी काकांना तळमजल्यावरच्या पंपरूममध्ये नेलं. माझ्या शेजारचा पुण्याचा मुलगा, एरवी मुंगीला वाट देणारा, मला म्हणाला, ‘आपण काय जल्लाद आहोत का? दहा मिनिटं घाबरवायचं फक्त. तुमचे वडील पोलिसात होते ना? मग तुम्हीच सांगा, अशा वेळी पोलीस काय फिल्टर कॉफी पाजतात?’ दोघं-तिघं हसले. मुलगी हरवलेली असताना हसले. मी काय म्हणाले? ‘पोलिसांना फोन केलाय ना?’ असं काहीतरी. मग दार लागलं आणि मी बाहेर उभी राहिले. पंप चालू होता तरी ऐकू येत होतं.

वीस मिनिटांनी काका बोलले. मुलीला एका रिक्षात बसवून दिलं, रिक्षा तळ्याकडे गेली. आणि मला, अण्णा, आनंद झाला. आतल्या किंकाळीनंतर लगेच झाला, हे मला स्वतःला विसरू द्यायचं नाही. सगळे गाड्या काढून तळ्याकडे धावले. पोलीसही आधी तिकडेच गेले. पाण्यात टॉर्च मारत होते. सहाव्या मजल्यावरची दारं वाजवायचं कुणाला सुचलं नाही, कारण आता गरज नव्हती, आता माहिती होती. साडेसातला आठव्या मजल्यावरून एक तेलुगू आजी लिफ्टने खाली आल्या, त्यांच्या हाताला धरून ती मुलगी, डोळे चोळत. आजींच्या नातीकडे कार्टून बघता बघता झोपली होती. घरात मोठं दुसरं कुणी नव्हतं, आणि आजींना तेलुगूशिवाय भाषा येत नाही. आम्ही दारं वाजवत राहिलो असतो तर पाचच्या आत सापडली असती.

काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली होती. लोखंडी दारात.

तुमच्या उदाहरणात सगळं आधीच ठरलेलं असतं. बॉम्ब आहे, हाच तो माणूस, त्याला माहीत आहे. हे सगळं आयतं देऊन मग प्रश्न विचारायचा, मारू का? पंपरूममध्ये यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं, होती ती फक्त घाई. पण मी एवढ्यावर थांबले तर पुन्हा स्पर्धेतलंच बोलणं होईल. समजा काकांना खरंच माहीत असतं, आणि मुलगी तळ्यापाशी सापडली असती? मग मी आज लिहायला बसले नसते, पेढा खाल्ला असता. याचीच मला जास्त लाज वाटते. ज्याला चौघांनी धरलंय तो कुणाचं काही बिघडवू शकत नाही. अशा माणसाची बोटं दारात धरणं मुलगी सापडल्याने चांगलं कसं होईल? त्या आईने त्यांना ओरबाडलं असतं तर मी समजू शकले असते. माझी मुलगी असती तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही. पण त्या चौघांत तिची आई नव्हती. ठरवून, दार लावून, आळीपाळीने करणारे होते.

आणि बाहेर मी होते. त्याच संध्याकाळी खजिनदार आले. ‘मॅडम, तुमचं कन्नड चांगलं आहे. दोन ओळी लिहून द्या, उगाच पुढे लफडं नको. पोलिसांनी धरलं असतं तर याहून जास्त झालं असतं, उलट आपण वाचवलं त्याला.’ इथे बाकीच्यांना कन्नड येतं ते स्वल्प, भाजीपुरतं. मी काकांच्या नावाने लिहून दिलं. चौकशीला सहकार्य केलं, पंपरूममध्ये घसरून पडलो, कुणाविरुद्ध तक्रार नाही. जो माणूस दिवसभर वहीत गाड्यांचे नंबर लिहायचा त्याला पेन धरता येईना, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला.

आता सिक्युरिटी एजन्सीने काकांना काढून टाकलंय. त्यांच्या बाजूने एक वकीलबाई उभ्या राहिल्यात, आणि आमची असोसिएशन प्रत्येक प्रश्नाला तो कागद पुढे करते. तेवढा एक कागद आहे त्यांच्यापाशी. खजिनदारांनी मला मजकूर सांगितला होता, पण ‘स्वखुशीने’ त्यांनी सांगितलं नव्हतं. तो शब्द मी आपणहून घातला, पहिल्याच ओळीत, विचारही न करता.

तुम्ही त्या खुर्चीवर बसून रात्री घरी येऊन कसे जेवत होता, हे मला विचारायचं होतं. पण मीही त्या शनिवारी जेवले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, वहीतच राहील. एक सांगते, अण्णा: वकीलबाईंचा फोन आल्यापासून चार दिवस मी एकच गोष्ट मनात घोळवतेय. तुम्ही असतात तर यातून नाव न येता कसं सुटायचं ते तुम्हालाच विचारलं असतं, आणि तुम्ही शेंगा सोलता सोलता सांगितलंही असतं.

उद्या: अकरा वाजता वकीलबाईंचं ऑफिस. कागद मी लिहिला, असं माझ्या सहीने लिहून देणं.