गप्प आई

१२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, ठाऊक आहे मला.

माझ्या समाजकार्याच्या वर्गातली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी परदेशातून आलेल्यांच्या वस्तीत गेली होती. तिथे नुकताच नवरा वारलेली एक बाई. तोंडातून शब्द नाही, घरात स्वयंपाक नाही, अडीच वर्षांची पोर शेजारणींकडे जेवतेय. विद्यार्थिनीने प्रामाणिकपणे अहवाल दिला की आईचं लेकराकडे लक्ष नाही. बालकल्याणवाल्यांनी पोर उचलून नेली. मागाहून कळलं, त्यांच्यात दुखवट्यात विधवा बोलत नाही, तिचं मूल शेजारणीच सांभाळतात. पोर नेली तेव्हा ती गाडीमागे धावली म्हणे, पण तोंड दाबून.

मी वर्गात हे कधी शिकवणार होते गं?

तुझी,
ठमी

२१ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघा दुखतोय, जिना चढतेय. तू फोटोत काडीपैलवान दिसतेस, जेवत जा.

त्या विद्यार्थिनीला घेऊन त्या बाईच्या घरी जा. वही-पेन नको. त्यांची भाषा जाणणारी शेजारीण मध्ये बसव आणि नुसतं ऐका. मग बालकल्याणच्या कार्यालयात ठाण मांड. मी नोकरीभर हेच केलं. बहुतेकदा जमलं नाही. तरी जा.

जीव लावणारी,
आत्या

९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गेलो आम्ही. दुखवटा संपला होता. बाई बोलायला लागली ती थांबेचना, शेजारीण आम्हाला मराठीत सांगून सांगून दमली. आपला अहवाल चुकला असं विद्यार्थिनीने लिहून दिलं. बालकल्याणचे साहेब म्हणाले, पोर आता नव्या घरी रुळलीय, पुन्हा कशाला उपटायची? विद्यार्थिनीने शिक्षण सोडलं. दुसऱ्यांच्या रीतीभाती समजून घेण्यावर मी वर्षभराचा विषय मागितला होता. प्राचार्यांनी एक तास दिला, तोही शनिवारी.

महिन्यातून एकदा मायलेकींची भेट असते. काल शेजारीण आणि मी सोबत होतो. आईने पोरीला मांडीवर घेऊन तेच तेच हळू आवाजात सांगितलं. पोर तिला आता सांभाळणाऱ्या बाईंकडे वळली आणि ह्या काय म्हणतात म्हणून तिने विचारलं, मराठीत. आई शेजारणीच्या तोंडाकडे बघत राहिली. शेजारीण तिला म्हणाली, पाणी मागतेय.

आई धावत जाऊन पेला भरून घेऊन आली. पोरीने तोंड फिरवलं.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
ठमी