मेडिकलच्या कपाटाची चावी माह्यापाशी

६ जाने., सोम.
अकराही ड्रायव्हरायचे मेडिकलचे कागद आले. ज्या कंपनीचा माल आपल्या ट्रकवर जाते तिले फक्त फिट-अनफिटची यादी पायजे, बाकी सगळं आपल्यापाशी कुलपात. मालक म्हणे, पुरी फाईलच पाठवून द्या ना म्याडम, कटकट कायले. म्या म्हटलं, माणसाच्या दुखण्याचे कागद हायेत ते, सरकीचं सॅम्पल नाई. बरं म्हणे, यादीच पाठवा. कपाटाची चावी एकच, ते माह्या पर्समधी.

सगळे ड्रायव्हर गेल्यावर सुभाष थांबला. दोन वर्षांमागं त्याले टी.बी. झाली होती. कोर्स पुरा केला, आता छाती साफ, डॉक्टरनं फिट लिहून देलं. पण जुनं दुखणं कागदावर आलंच. म्हणे, ताई, हे कोनाले समजू देऊ नका. म्या म्हटलं, या कपाटातून मुंगी बाहेर जात नाई.

प्रमोद (आपला मुनीम, गाड्यायच्या फेऱ्या लावते तो) तेवढ्यात दोनदा डोकावून गेला. काऊन?

१४ जाने., मंगळ. संक्रांत.
सुभाषनं घरून तीळगुळाचा डबा आणला. सगळ्यायनं घेतला अन् खिशात टाकला. तोंडात कोनीच नाई. म्या दोन खाल्ले.
दुपारी चहाच्या ठेल्यावर बाकीच्यायले काचेचे गिलास, सुभाषले कागदी कप. सुभाष चहा तसाच ठेवून गाडीकडे गेला.
कोनीतरी बोंबललं हाय.

१५ जाने.
नागपूरच्या फेरीले सुभाषसंग दुसरा ड्रायव्हर बसायले तयार नाई. मालकानं फेरी त्याच्याकडून काढली. पुढं असंच चाललं तं त्याले घरीच बसा लागते. सुभाष माह्या टेबलासमोर येऊन उभा राह्यला.
"ताई, म्या तुमाले एकटीलेच सांगतलं होतं."
जिवाले लागलं माह्या. कुलूप पाह्यलं, शाबूत. फाईल मोजली, बरोबर. मंग कोन? दवाखान्यातल्यायले सुभाष कोन हाय ते माहीत नाई. मालकाले कागद वाचायचा कंटाळा. राह्यला प्रमोद. मोबाईल हातातून सुटत नाई त्याच्या. फोटो काढला अशीन. सुभाषचं अन् त्याचं जमत नाई, हे साऱ्या नांदुऱ्याले माहीत हाय.

१७ जाने., शुक्र.
प्रमोदले आडून आडून इचारलं. म्हणे, मले ठेल्यावर समजलं. बोलताना माह्याकडं पाहेच ना, रजिस्टर चाळत बसला. बस. मालकाले सांगून टाकलं. पुरावा नाई, पण वीस वर्षं या खुर्चीत काढली, माणूस समजते मले.
मालकानं संध्याकाळीच त्याले हात जोडले, उद्यापासून येऊ नको म्हणे. जाता जाता तो माह्यापाशी थांबला. "म्याडम, म्या तो कागद पाह्यला बी नाई." पाह्यला नाई म्हणते! शांत झोप लागीन आज.

१८ जाने., शनि.
कापसाच्या जिनिंग मिलवरून लोडिंगच्या चिठ्ठ्या परत आल्या. फायलीले लावत होती. एक उलटी पडली. मागं सुभाषचं नाव. वय. खाली 'क्षयरोग, उपचार पूर्ण'. फिक्की झेरॉक्स.
आठवलं. त्या सोमवारी फायलीसाठी काढलेली पहिली झेरॉक्स फिक्की आली म्हणून दुसरी काढली. अन् फिक्की? पाठकोऱ्या कागदायत टाकली. एका बाजूनं कोरा कागद फेकायचा नाई, त्याच्यावर चिठ्ठ्या लिहायच्या, हे माहीच शिस्त. बाकीच्यायले म्याच लावली.
चिठ्ठी ७ तारखेची. अक्षर माहं. म्याच लिहिली, म्याच गाडीसंग पाठवली. वजनकाट्यावाल्यानं वाचली अशीन, हमालायनं वाचली अशीन, चहावाल्यापर्यंत यायले किती वेळ.
अन् म्या कुलूप पाहत बसली. बह्याड. एक नंबरची येडी. प्रमोदले फोन लावला, वाजायच्या आत कापला.

१९ जाने., रवि.
चिठ्ठी घेऊन सुभाषच्या घरी गेली. सगळं सांगतलं. रडू आलं, आवरलं नाई. त्याच्या बायकोनं चहा देला, म्या पेला. त्यानं कागद दोन्ही बाजूनं पाह्यला. मंग उठला अन् चुलीत टाकला.
"मी कोनाले सांगत नाई, ताई. तुमची नोकरी जाईन."
म्या म्हटलं, अन् प्रमोद?
"ते तुम्ही पाहा."
येताना बसमधी नुसती खिडकीबाहेर पाहत होती. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कायले लिहू. मंग त्याचीच लाज वाटली.

२० जाने., सोम.
प्रमोदची खुर्ची रिकामी. मालक अकराले आले. नवा मुनीम पाहून ठेवला म्हणे, चारले येते, तुम्हीच त्याले काम समजावून सांगा. म्या म्हटलं, मालक, थोडं बोलायचं होतं. बोला, म्हणे. तेवढ्यात त्यायचा फोन वाजला, म्या बाहेर आली.
वाजला नसता तं बोलली असती का? माहीत नाई.
सुभाषनं माहं झाकलं. म्या त्याचं एक दिवस झाकू शकली नाई.
साडेतीन झाले. मालक केबिनमधी एकटेच हायेत. बाहेर कोनाची तरी मोटरसायकल थांबली, नव्या मुनीमाचीच अशीन.