त्याच आकड्यावरचं दुसरं केंद्र

३ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ५.१०
नवी नोकरी, नवी वही. टेबलाचा पाय डुगडुगत होता, त्याखाली पुठ्ठा सारला आणि लिहायला बसलो.

काम सोपं आहे. आपल्या गावच्या रेडिओ केंद्राच्याच आकड्यावर हजारो मैलांवरचं एक केंद्र लागतं. अंधारात त्याच्या लहरी आभाळावर आपटून इथवर येतात आणि आपल्या केंद्रावर चढून बसतात. ऊन आलं की विरतात. मी पाच ते साडेसात दर दहा मिनिटांनी ऐकायचं आणि परक्या केंद्राचा जोर पाचपैकी किती, ते तक्त्यात भरायचं. इंजिनिअरसाहेब म्हणाले, नववी नापास असलास तरी शुद्धलेखन बघून घेतलंय. काय ऐकू आलं ते लिहायचं नाही, किती ऐकू आलं तेवढंच लिहायचं.

राहायला ताईकडे. भावजी नळजोडणीची कामं करतात. मला ‘वार्ताहर’ म्हणतात. परदेशात पाऊस पडला की मला आधी कळव, छत्री काढून ठेवतो, म्हणाले. ताई हसून हसून बेजार. आपली जाड गादी त्यांनी मलाच दिली.

५ डिसेंबर, गुरुवार
जोर तीन. आपल्याकडे बाजारभाव चालले होते. त्यांच्या खालून परकी भाषा आली, मग ती गेली आणि एक घर ऐकू आलं. घरच म्हणायचं. भांडी कोसळली. काहीतरी जड अंगावर बसत होतं, पुन्हा पुन्हा. बाई किंचाळली, ‘आई गं.’ आवाज ताईचा.

तक्त्यात फक्त तीन लिहिलं. धावत घरी गेलो. ताई भांडी घासत होती. मनगटावर निळा डाग. विचारलं तर म्हणाली, हात दारात सापडला, आणि तुझं तोंड असं का पांढरं पडलंय? भावजी शेजारी चहा पीत होते.

७ डिसेंबर, शनिवार
तेच. जोर चार. फटके मोजले, अकरा. सातव्याला हाड मोडलं, तो आवाज वेगळाच असतो. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कान धुऊन ये, नाहीतर घरी बस.

ताईला मारणारं घरात दुसरं आहे कोण? भावजींच्या पिशवीत हातभर लांबीचा लोखंडी पाना असतो. तो काढून माझ्या गादीखाली ठेवला. आता बघू कसा मारतात.

९ डिसेंबर, सोमवार
भावजी पाना शोधतायत. दोन दिवस काम बुडालं. ताईवर खेकसले. पहिल्यांदाच. मी गादीवरून उठलो नाही.
जोर साडेचार. साडेचार लिहायची सोय नाही, पाच लिहिलं.
झोप नाही. पाना पाठीला टोचतो.

१० डिसेंबर, मंगळवार. दुपारी १२.४०
ऐकण्याच्या खोलीत आहे. दाराला आतून टेबल लावलंय.

सकाळी भावजींनी ताईचा दंड धरला. म्हणाले, ‘नीट आठव. घरातली वस्तू जाईल कुठे?’ एवढंच. मी गादीखालून पाना काढला. पहिला कानामागे. ते ताईला धरूनच खाली बसले, मांडणीवरची भांडी आमच्यावर आली. सातव्याला जबडा मोडला. ताई किंचाळली आणि मी ओळखलं. हेच ऐकलं होतं. ती मार खात नव्हती. ती बघत होती.
कळल्यावरही हात थांबला नाही. अकरापर्यंत —

१.०५
ऊन डोक्यावर. या वेळी ते केंद्र लागूच शकत नाही.
जोर पाच.
जिन्यावर पाय, पुष्कळ. खिडकीतून पाहिलं, रस्ता मोकळा. पाय रेडिओत वाजतायत. ताई सांगतेय, ‘आत आहे तो.’

१.०९
दार मोडलं. रेडिओतलं. माझं अजून धड आहे. कोणीतरी ओरडतंय. माझा आवाज बाहेरून असा लागतो, माहीत नव्हतं.
मोजतोय. सहा. सात. नवव्यानंतर ओरडणं बंद.
बारा. पंधरा. थांबत नाहीत —
वीस

१.१४
रस्त्यावर माणसं आली. ताई सगळ्यांच्या पुढे. तिच्या हातात — मी पाना तिथेच टाकून