दोन घरांचं एक धुराडं

बर्नली, १२ ऑक्टोबर १९६७

ती. जेबेझदादास ॲनिसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोटो कपाटावर लावलाय. त्यात तू इतका बारीक का दिसतोस? कॅनडात बटाटे मिळत नाहीत का?

इकडे मला एक घोर लागलाय. गेल्या वादळापासून शेगडीत वाळू गळते. धुराड्याच्या विटांमधल्या दरजा झिजून पोकळ झाल्यात, आणि वरच्या खोलीत भिंतीवर ओल उतरलीय. लेनर्ड येऊन गेला. माझाच मुलगा, पण हुकूम सोडतो! म्हणाला, आई, धुराडं बुजव आणि विजेची शेगडी लाव, नाहीतर आमच्याकडे कव्हेंट्रीला चल. सूनबाईंनी माझ्यासाठी खोलीही रंगवलीय म्हणे. नाताळपर्यंत ओल हटली नाही तर तो मला घेऊनच जाणार. दादा, विस्तव नसेल तर मी संध्याकाळी कुणाकडे तोंड करून बसू? आमचे हे, ॲमॉस, गेल्यापासून या घरात हलणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

पण धुराडं माझ्या एकटीचं थोडंच आहे? अर्धं शेजारच्या एलिस क्रॅबट्रीचं. त्याच्या कबुतरांनी आमची सोमवारची धुणी घाण केली, तेव्हापासून आमच्या ह्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, मग मीही टाकलं. पुढं ह्यांनी दरजा भरल्या त्या बरोबर मधल्या रेघेपर्यंत, त्याही पक्क्या सिमेंटनं. अख्खी गल्ली हसली होती.

काय करू ते लवकर कळव. तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझी ॲनिस

*

हॅमिल्टन, २३ ऑक्टोबर

चि. ॲनिसला जेबेझचे अ. आ.

अगं, ॲमॉस सूतगिरणीतला माणूस, त्याला गवंडीकाम सांगितलं होतं कुणी? गेलेल्याला नावं ठेवू नयेत, पण निव्वळ गाढवपणा केला. आपल्याकडच्या विटा मऊ. दरज विटेपेक्षाही मऊ हवी, म्हणजे ती पाणी पिते आणि वारं लागलं की सोडून देते. सिमेंट सोडत नाही. मग ते पाणी विटेत मुरतं, थंडीत गोठतं नि वीट फोडतं. आणि अर्धंच धुराडं भरून काय मिळवलं? पावसाला मधली रेघ दिसते होय?

दोन्ही बाजू खरवडून चुना-वाळूनंच भरायला हव्यात, आणि त्याही पाणी गोठायचे दिवस यायच्या आत. मी आलो असतो गं. माझी गवंडीकामाची थापी अजून जपून ठेवलीय. पण गुडघे गेले, आणि तुझी भाची मर्ना मला खुर्चीवरसुद्धा चढू देत नाही. राहतो नवव्या मजल्यावर. इथं धुराडं औषधालाही नाही.

तेव्हा एलिसशी बोल. दाराशी जायचा धीर होत नसेल तर आईसारखं कर. तुझ्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा तिनं विस्तवाची सळई घेऊन शेगडीमागच्या भिंतीवर ठोकलं, आणि पलीकडची मिसेस ग्रीनहाल्ज पिठाच्या हातानं धावत आली. ठोक्याला न येणारा माणूस आपल्या गल्लीत अजून जन्मायचाय.

म्हाताऱ्या भावाला विसरू नकोस.

जेबेझ

*

बर्नली, २६ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

ठोकलं रे बाबा! आधी दोनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्यांदा हातात पार्किन केक होता, तो मीच खाऊन टाकला. मग सळई उचलली. ठोकलं, तर पलीकडे सामसूम. म्हटलं, झालं, नाक कापून घेतलं. तोच दारावर धडधड! एलिस उभा, पायात नुसते मोजे, हातात पाण्याची बादली. विचारतो, आग कुठं लागलीय? मी म्हटलं, आग नाही, धुराडं. तर म्हणतो, बाई, एवढ्यासाठी माझे मोजे भिजवलेस? आणि मला रडूच कोसळलं. तो बिचारा बादली धरून तसाच उभा.

डंकर्ली गवंड्यानं चुनाच वापरला, वर ओलं गोणपाट झाकलं. एलिस अंगणातून त्याला अक्कल शिकवत होता. ॲमॉसचं सिमेंट उकरताना मात्र म्हणाला, माणूस हट्टी होता, पण रेघ काय सरळ मारली होती! ओल वाळत आलीय. लेनर्डला कळवलं, रंगवलेल्या खोलीत पाहुणे ठेवा.

आता सकाळी विस्तव पेटला की मी दोन ठोके देते, पलीकडून दोन येतात. येणंजाणं फारसं नाही. पण दादा, दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो.

असाच पाठीशी राहा.

ॲनिस

*

हॅमिल्टन, १० डिसेंबर

चि. ॲनिसला अ. आ.

तुझं पत्र मर्नाला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती भांडी घासायला उठून गेली.

परवा मीही पलीकडच्या भिंतीवर दोन ठोके दिले. शेजाऱ्यानं खाली जाऊन तक्रार केली, मर्नाला माफी मागावी लागली. ती माझ्यावर रागावली नाही, नुसती बघत राहिली. त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

एलिसला माझा नमस्कार सांग.

जेबेझ

*

बर्नली, १८ फेब्रुवारी १९६८

ती. दादास सा. न. वि. वि.

एलिस गेला. मंगळवारी मी ठोके दिले, उत्तर आलं नाही. वाटलं, कबुतरांकडे असेल. पुन्हा दिले. मग मागच्या दारानं आत गेले. तो खुर्चीतच होता. शेगडीत काटक्या नीट रचलेल्या, काडी तेवढी ओढायची राहिली होती. कबुतरं पुतण्यानं नेली. घराला कुलूप लागलं.

धुराडं ठणठणीत आहे, वाळूचा कण पडत नाही. पण एलिसच्या बाजूची भिंत गार लागते. लेनर्डचं पुन्हा पत्र आलंय, खोली अजून रिकामीच ठेवलीय म्हणे. त्याला काय लिहू? विस्तव पेटला की हात सळईकडे जातो, मग सळई खाली ठेवते. आता कुणासाठी ठोकू?

शेजारचं घर भाड्यानं द्यायचंय. दादा, तू येशील का?

वाट बघतेय.

ॲनिस

*

हॅमिल्टन, १ मार्च

चि. ॲनिसला अ. आ.

मर्नानं डॉक्टरांना विचारलं. माझ्या छातीला एवढा प्रवास झेपायचा नाही म्हणाले. मी पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा नाहीच म्हणाले.

लेनर्डला लिही, धुराडं आत्ताच दुरुस्त केलंय, त्याच्याकडे बघायला घरात माणूस हवं. आणि सळई खाली ठेवू नकोस. तुझी सकाळ म्हणजे इथली रात्र, पण मला झोप लागते कुठे? थापी उशाशीच असते. विस्तव पेटला की तू आपले दोन ठोके दे. मी इथून दोन देईन. हळूच, शेजाऱ्याला ऐकू जाणार नाहीत असे.

तुझा दादा