किलबिनची दुसरी जर्सी

मंगळवार, ९ एप्रिल

क्लबच्या कमिटीची मीटिंग. जुलैत हेरिटेज राउंड आहे. त्या शनिवारी लीगमधल्या प्रत्येक क्लबाने जुन्या काळची एखादी जर्सी घालून खेळायचं. आपल्या किलबिनने काय घालायचं यावर अर्धा तास नुसता काथ्याकूट. आपली जर्सी काळी, तिच्यावर तांबडा तिरका पट्टा. पहिल्यापासून तीच. जुनी काय नि नवी काय. शेवटी मी उठलो. म्हणालो, मंडळी, विसरताय तुम्ही. आपली एक दुसरी जर्सीही असायची. समोरचा संघही काळ्यात आला की घालायची ती. तिचा इतिहास आजवर कुणी लिहिला नाही. तो मी लिहितो, आणि त्यातली सगळ्यांत जुनी जर्सी शोधून पोरांच्या अंगावर चढवतो.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. भारावले असावेत. अध्यक्ष मर्व ओजर्स म्हणाला, बरं नेव, कर बाबा तू, पण आता जेवायला सोड.

इथे कोण वाचतंय, म्हणून मनातलं लिहितो. क्लबहाउसमध्ये लाकडी फलक आहे. आजीव सभासदांची नावं, सोनेरी अक्षरांत. बावीस वर्षं मी जर्स्यांचा प्रमुख आहे. धुणं, शिवणं, नंबर लावणं माझी बायको ग्लेनिस बघते, पण प्रमुख मी. दर सप्टेंबरात वाटतं, यंदा फलकावर आपलं नाव, ट्रेवास्किस. दर वर्षी भलताच कोणीतरी. मागच्या वर्षी तर स्कोअरबोर्डाला रंग देणारा. यंदा चुकायचं नाही.

बुधवार, १० एप्रिल. पहाटे ५.४०

संकल्प. रोज पहाटे दोन तास लेखन. मैदानावरचे सॉसेज रोल बंद. कमिटीवर चिडणं बंद. ग्रंथाचं नाव: ‘किलबिन फुटबॉल क्लबच्या पर्यायी जर्स्यांचा समग्र इतिहास, खंड पहिला’. आठ प्रकरणं. जूनअखेर छपाईला.

७.१५. पहिलं वाक्य झालं. ‘जर्सी म्हणजे केवळ वस्त्र नव्हे.’ छान आहे. आता चहा घेतल्याशिवाय पुढे सरकणार नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

उद्यापासून ईस्टरची सुट्टी. आज संशोधन.

१९७८ची पांढरी. पहिल्याच आठवड्यात लाल मोज्यांबरोबर धुतली गेली, उरलेला सीझन संघ गुलाबीत खेळला. धुणारी माझी आई. प्रकरण गाळतो.

१९९१ची हिरवी. पैसे गावच्या खाटकाने दिले, म्हणून छातीवर हसरं डुक्कर. समोरच्या गावचे प्रेक्षक मॅचचे चारही क्वार्टर घुरघुरत होते. गाळतो.

२००६ची करडी. धुक्यात आपलीच पोरं एकमेकांना दिसेनात. ती मी निवडली होती. गाळतो.

ग्रंथ सुटसुटीत होतोय.

शनिवार, ४ मे

मोठा दिवस. क्लबहाउसच्या माळ्यावर चढलो. ग्लेनिस खाली शिडी धरून होती आणि सारखी, गुडघा सांभाळ, गुडघा सांभाळ. पण सापडलं! १९३४च्या फायनलचा फोटो. कप आपल्याकडे, आणि अंगात काळी जर्सी नाहीच. आडव्या पट्ट्यांची आहे. त्याच पेटीत खाली खरी जर्सीसुद्धा. लोकरीची, सात नंबरची. फिकट निळी, त्यावर पिवळे आडवे पट्टे. कसरीने थोडी खाल्लीय. मी ती वरच अंगाला लावून बघितली.

ग्लेनिस फोटो बघून म्हणाली, कप जिंकलाय आणि तोंडं अशी की सगळ्यांना एरंडेल पाजलंय. मी म्हणालो, याला निर्धार म्हणतात. मग म्हणाली, कपडे तरी बघ, एकाच्या बाह्या कोपरापर्यंत, दुसऱ्याचे हात बाह्यांतून बाहेरच येत नाहीत. त्या काळची फॅशन, मी म्हणालो. तिला इतिहासातलं काही कळत नाही.

दुपारी मॅच. एक सॉसेज रोल. शोध लागला की माणसाला भूक लागते.

रविवार, १२ मे

एफी मावशीकडे, वृद्धाश्रमात. आज मदर्स डे आहे हे तिथली फुलं बघून कळलं. ग्लेनिस गाडीत गप्प का होती त्याचा उलगडा झाला.

मावशी त्र्याण्णव वर्षांची, सगळ्या गावाची मावशी. फोटोत कडेला तिचे वडील आहेत. फोटो बघितल्याबरोबर म्हणाली, अरे ही आपली नव्हेच. फायनल यारूनाच्या मैदानावर होती. समोर तिसरंच गाव, तेही काळे, आपणही काळे, आपल्याकडे दुसरी जोडी नाही. मग यारूनावाल्यांच्या मागून घातल्या. बाबा म्हणायचे, कप जिंकला पण अंगाला वास त्यांचा. महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

बिचारी. म्हातारपणी माणसाचं काय काय होतं. मी हात थोपटला. ग्लेनिस मात्र परतताना म्हणाली, मावशीला कालचं जेवण आठवत नसेल, पण हे सगळं तिला आठवतंय. एकदा यारूनात जाऊन विचार ना, त्यांच्या क्लबातही जुने फोटो असतील.

यारूना म्हणजे नदीपलीकडचं गाव. यारूनाच्या माणसाला मी किती वाजले हेसुद्धा विचारत नाही.

सोमवार, २० मे

जर्स्यांची ऑर्डर मेलबर्नच्या कारखान्याला दिली होती. आज त्यांच्या माणसाचा फोन. म्हणाला, साहेब, घोटाळा तर नाही ना? दुसऱ्या एका क्लबाची हुबेहूब अशीच ऑर्डर आलीय. निळ्यावर पिवळे पट्टे. मी हसलो. म्हणालो, चांगली गोष्ट दिसली की नक्कल होणारच, तुम्ही आपलं काम करा. तो क्लबाचं नाव सांगत होता, मी थांबवलं. अशा कोत्या लोकांची नावं ऐकून करायचंय काय.

कमिटीत कुणाला काही सांगितलेलं नाही. हेरिटेज राउंडची जर्सी त्याच दिवशी उघड करायची, अशी रीतच आहे. दोन्ही संघ आपापला क्रेप कागदाचा बॅनर फाडत मैदानात येतात, तेव्हा लोकांना पहिल्यांदा दिसते. त्या क्षणी मर्वचा चेहरा मला बघायचाय.

गुरुवार, ६ जून

लेखन नाही. थंडी. गुडघा. शिवाय शेजाऱ्याचा कुत्रा.

गुरुवार, २७ जून

लेखनाचा झपाटा. आजीव सभासद झाल्यावर करायचं भाषण संपूर्ण तयार. नऊ पानं. सातव्या पानावर ग्लेनिसचे आभार, दोन ओळी. ग्रंथाची प्रगती: ‘जर्सी म्हणजे केवळ वस्त्र नव्हे.’ ‘केवळ’ काढावं का, विचार चालू.

हेरिटेज राउंडला आपल्याच मैदानावर सामना, आणि समोर यारूना. त्यांच्याच नाकावर टिच्चून. ही मॅच जिंकली तर आपण फायनल्सना जातो. मर्वला विचारलं, यंदाच्या आजीव सभासदाचं काय ठरतंय? म्हणाला, बघू. आवाजात ओलावा होता.

शुक्रवार, १९ जुलै

जर्स्या आल्या. डोळे निवले. खोक्याला मीच कुलूप लावलं, किल्ली गळ्यात.

नेहमीच्या काळ्या जर्स्या ग्लेनिस गाडीच्या डिकीत टाकत होती. म्हणे, असू देत, वेळ काय सांगून येते? हा तिचा शंकेखोर स्वभाव. मी सगळ्या उचलल्या आणि धुण्याच्या टबात भिजत घातल्या. तिचाही सोमवारचा व्याप कमी. तिने टबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन टीव्ही लावला. माझा विश्वास बघून निश्चिंत झाली असावी.

शनिवार, २० जुलै. सकाळी १०

निळं आकाश, गार वारा. भाषण कोटाच्या आतल्या खिशात. जेवताना मर्वने जाहीर केलं तर तयारी असावी.

शनिवार, २० जुलै. संध्याकाळी

जसं झालं तसं लिहितो.

आपला बॅनर आधी फाटला. आपली पोरं निळ्या-पिवळ्या पट्ट्यांत बाहेर आली. लोक टाळ्या वाजवायला लागले. मग यारूनाचा बॅनर फाटला. त्यांची पोरं बाहेर आली. निळ्यावर पिवळे पट्टे.

टाळ्या थांबल्या. अठरा त्यांची, अठरा आपली, छत्तीस पोरं मैदानात एकसारखी. आपला कप्तान ब्रेंट हिस्कॉक सवयीने एकाच्या गळ्यात हात टाकून काहीतरी सांगत होता, तो यारूनाचा निघाला. पंचाने दोन्ही कप्तानांना बोलावलं. मग मर्वने मला बोलावलं. त्याचा चेहरा मला बघायचा होता, तो नीट बघायला मिळाला.

यारूनाची अध्यक्ष कॉलीन स्ट्रॅकन. बाई मोठ्याने बोलत नाही, तेच वाईट. म्हणाली, नेव, १९३४ साली तुमच्या गावाला घालायला नव्हतं म्हणून आमच्या आजोबांनी काढून दिल्या. ही आमचीच आहे रे. मी म्हणालो, हा इतिहासाच्या अर्थाचा प्रश्न आहे. पंच म्हणाला, अर्थ नंतर, आधी कोण बदलणार ते सांगा. कॉलीन म्हणाली, आम्ही चाळीस किलोमीटरवरून आलोय, ही एकच जोडी आणलीय. मर्व माझ्याकडे वळून म्हणाला, काळ्या आण.

मी म्हणालो, भिजत आहेत.

पुढचं मर्व जे बोलला ते लिहीत नाही. ग्लेनिस तोवर यारूनाच्या ड्रेसिंग रूमकडे निघालीसुद्धा होती. तिने त्यांच्या दुय्यम संघाच्या नेहमीच्या तपकिरी जर्स्या मागून आणल्या. सकाळची मॅच खेळून काढलेल्या. चिखलाच्या, घामाने ओल्या. आपली पोरं नाकं दाबून घालत होती. ब्रेंटच्या बाह्या कोपरापर्यंत आल्या.

पहिला क्वार्टर आपल्याच लोकांनी आपल्याच पोरांना शिव्या घातल्या. यारूनाची तपकिरी दिसली की तोंडातून निघतंच, सवय आहे. अडतीस गुणांनी हरलो. फायनल्स गेल्या.

जाताना कॉलीनने क्लबहाउसमधली काचेची चौकट भिंतीवरून उतरवली. माळ्यावरची सात नंबरची जर्सी मी आज सकाळीच तिच्यात लावून वर कापड टाकलं होतं. म्हणाली, ही एकच परत आली नव्हती, आमच्या घरात तीन पिढ्या शोधतायत. बगलेत मारून घेऊन गेली. कुणी अडवलं नाही. मीही नाही.

सॉसेज रोल चार.

रविवार, २१ जुलै

विचार केला. दोष कारखान्याचा. त्यांच्या माणसाने क्लबाचं नाव आग्रहाने सांगायला हवं होतं. एफी मावशीनेही जरा ठासून सांगायला हवं होतं. संशोधनाची पद्धत माझी बरोबर होती.

काळ्या जर्स्या टबात दोन दिवस राहिल्याने काळा रंग तांबड्या पट्ट्यात उतरलाय. ग्लेनिस एकेक पट्टा उसवून नवा लावतेय.

शुक्रवार, २० सप्टेंबर. दुपारी ४

आज सीझनचा समारोप. लोक विसरतात. दोन महिने झाले. भाषणात किरकोळ बदल, हेरिटेज जर्सीचं आठवं पान पूर्ण काढलं. सूट घातला. ग्लेनिसला म्हणालो, तू पण जरा बरा ड्रेस-बिस घालून नीटनेटकी दिस, फोटो निघतील. कुठला ड्रेस, म्हणाली, आणि नेहमीचा निळा कार्डिगन घातला. असो, फोटोत मीच पुढे असेन.

शनिवार, २१ सप्टेंबर. सकाळी

लिहायची इच्छा नाही. पण लिहितो.

जेवणानंतर मर्व माइकवर आला. म्हणाला, यंदाचं आजीव सभासदत्व एकमताने. या माणसाशिवाय शनिवारी आपला संघ उघडा मैदानात उतरला असता. ट्रेवास्किस, असं म्हणाला आणि श्वास घ्यायला थांबला. मी उठलो. खुर्च्यांमधून वाट काढत अर्ध्यावर पोचलो होतो, भाषण हातात होतं, तेव्हा तो म्हणाला, ग्लेनिस.

सगळे उभे राहिले, म्हणून मी मधेच उभा आहे हे फारसं दिसलं नाही. ब्रेंटने मात्र मला हळूच धरून बाजूला घेतलं. ग्लेनिस स्टेजवर गेली. भाषण नव्हतंच तिच्याकडे. थँक्यू म्हणाली, मोजे उलटे टाकत जाऊ नका रे पोरांनो म्हणाली, आणि खाली आली. एवढ्यावर लोक दोन मिनिटं टाळ्या वाजवत होते.

मला वाईट वाटलं. खूप वाटलं.

परतताना गाडी ती चालवत होती. पूल आला. मग मीच म्हणालो, तुला आधी माहीत होतं? म्हणाली, मर्व नऊ वर्षं विचारतोय. दर वर्षी मी नाही म्हणायची. तुला हवं होतं ना, आधी तुझं होऊ दे म्हटलं. मी म्हणालो, आणि यंदा? गिअर बदलत म्हणाली, यंदा त्याने विचारलं तेव्हा मी पट्टे शिवत बसले होते, नेव. हो म्हणून टाकलं.

 घरी येऊन तिला चहा करून दिला. साखर किती घेते ते विचारावं लागलं.