दीड तासावरचा मामा

प्रिय शेखर,

माझ्या आरोहीच्या लग्नाला सकाळच्या विमानाने हैदराबादहून निघणार, असं तू फोनवर सांगितलंस. वर मलाच समजावलंस की पावणेसहाशे किलोमीटर म्हणजे काहीच नाही, दीड तासात ओझर. तुझा दीड तास मला चांगला पाठ आहे.

हे विमान सुरू झालं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आईला झाला होता. मखमलाबादच्या मळ्यात झेंडू तोडताना ती बायकांना सांगायची, माझा शेखर आता घोटीच्या बाजाराइतका जवळ आला. बिचारी खरंच तसं धरून चालली. द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात होती तेव्हा तू रोज फोनवरून डॉक्टर बदला, अमुक तपासणी करा, असं सांगायचास. उंटावरून शेळ्या हाकणं तुझ्याकडून शिकावं. आणि ती मला डब्यात भात झाकून ठेवायला लावायची. "इमानात बसला असंल आता, पोराला भूक लागंल," म्हणायची. रोजचा तो भात शेवटी मीच खायची.

निघालो, म्हणून तू दोनदा कळवलंस. दोन्ही वेळा शेजारच्या मळ्यातला झुंबर भाजीची पिकअप मार्केटला रिकामी करून तसाच ओझरच्या विमानतळावर गेला आणि शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत उभा राहिला. पहिल्यांदा तुझी मीटिंग लांबली होती. दुसऱ्यांदा काय झालं ते तू आजवर सांगितलेलं नाहीस. झुंबरने मात्र आईच्या उशाशी बसून सांगितलं, "मावशे, इमान लेट हाय. येतोय तो." ती बरं म्हणाली आणि पहाटे गेली. दशक्रियेला तू आलास, नदीवर ढसाढसा रडलास आणि संध्याकाळच्या विमानाने परतही गेलास. येता-जाता दोन्हीकडचं विमान तुला त्या दिवशी बरोबर मिळालं. मला राग आहे, शेखर. वर्ष झालं तरी तो तसूभर कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

तू लग्नाला जरूर ये. तुला फेटा बांधू, पहिल्या पंगतीला बसवू, आग्रह करकरून वाढू. फक्त एक गोष्ट आधी कानावर घालायची होती, आणि फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस, म्हणून हे पत्र. मंगलाष्टकांच्या आधी गुरुजी माईकवरून पुकारतील, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. तेव्हा तू उठू नकोस. आरोहीचा हात धरून झुंबर येणार आहे आणि अंतरपाटाशी तोच तिच्या पाठीशी उभा राहणार आहे. सोबतच्या पत्रिकेत मामा म्हणून त्याचंच नाव छापलंय. आरोहीलाही तेच हवं होतं, मला तिला एका शब्दाने सांगावं लागलं नाही. पाहुणे विचारतीलच, मग सख्खा मामा कुठे आहे? म्हणून मांडवात तुझ्यासाठी अगदी पुढची खुर्ची राखून ठेवली आहे. मला नुसतं बोट दाखवायचं आहे.

तुझीच,
सुवर्णाताई