चिठ्ठीत तुझं नाव निघालं होतं

प्रिय धाकटे,

फोनवर तू ‘हं, हं’ करून विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले. आधी एक खरं सांग, माझा पत्ता त्या बाईला तू दिलास का?

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतून घरी आले तर दारात एक अनोळखी बाई. इतकं गोड हसली की माझ्या मनात पाल चुकचुकली. मला वाटलं, विमा विकायला आली असेल. तर म्हणाली, वस्तीतल्या त्या जुन्या बालवाडीतली मुलं मोठेपणी कुठे पोचली, ते बघत हिंडतेय. एका घरातलं एकच मूल घ्यायची ती बालवाडी. आपण जुळ्या, म्हणून चिठ्ठी टाकली आणि तुझं नाव निघालं. तू वेणी घालून आत जायचीस आणि मी आईबरोबर धुण्याभांड्याच्या कामावर, लोकांच्या जिन्याखाली बसायला. दुपारी तू रंगाने माखलेले हात घेऊन यायचीस. बाबांना दाखवेपर्यंत आई ते धुऊ द्यायची नाही. मला तिथली गाणी शिकवायचीस, पण शेवटची ओळ मुद्दाम गाळतेस, असं मला तेव्हाही वाटायचं.

बाईला चहा दिला. तिने पेला हातात धरूनच विचारलं, शाळा का सुटली, नवरा पितो का, पोलिसांनी कधी पकडलं होतं का. आमचे हे आतल्या खोलीतून खाकरले. मी म्हटलं, मी तर त्या बालवाडीची पायरीही चढले नाही, माझी चौकशी कशाला? त्यावर ती म्हणाली, “म्हणूनच तुम्ही महत्त्वाच्या. तुमच्याशी ताडून बघितल्याशिवाय बहिणीला काय मिळालं ते कळणार कसं?”

म्हणजे बघ, इतकी वर्षं मी कोणाची तरी मोजपट्टी होते आणि मला पत्ताच नाही. तू पुढे शिकलीस, ऑफिसात नकाशे काढतेस. मी चादरींना इस्त्री करते. आपल्या दोघींमधलं हे अंतर ती शांतपणे लिहून घेत होती. मी विचारलं, “मग तेव्हाच दोघींना का नाही घेतलं?” तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, जागाच तेवढ्या होत्या. पण तुमच्यासारख्यांकडे बघूनच आता नव्या बालवाडीत चिठ्ठी नाही, येईल त्या मुलाला घेतात. तुमच्या मुलीलाही घेतील.

मला यात काहीतरी पाणी मुरतंय असं वाटलं. सुट्टीच्या दिवशी, न कळवता, मी तिथे जाऊन थडकले. संडास उघडून पाहिला, पाण्याची टाकी पाहिली, स्वयंपाकघरात डोकावले. शिक्षिका फरशीवर बसली होती आणि एक मुलगी तिला ठोकळ्यांचा पूल का पडला ते समजावत होती. शिक्षिका ऐकत होती गं, खरोखर ऐकत होती. खोड काढायला काही सापडेना, तेव्हा तर मला जास्तच संशय आला. घरी येऊन यांच्याशी उगाच भांडले.

तरी नाव घालून आलेय. सोमवारपासून छोटी जाणार. आणि आता माझ्या लक्षात येतंय की तिला त्या दारात सोडून मागे फिरणं मला जमायचं नाही. दाराबाहेर राहणं म्हणजे काय ते मला पाठ आहे, आत जाणं कसं असतं ते तुला ठाऊक. म्हणून तू ये. रविवारीच ये, छोटीशेजारी झोप, सकाळी तिचा हात धरून तूच आत ने. मी सोबत असेन, पण पुढे तू हो. सुट्टी मिळत नाही असं मात्र कळवू नकोस. मी तुझ्या ऑफिसात फोन करून विचारलंय, तुझ्या भरपूर सुट्ट्या शिल्लक आहेत.

तुझीच, तुझ्यापेक्षा जराशीच आधी जन्मलेली,
थोरली